फुप्फुसांची हवाधारणक्षमता

फुप्फुसांची हवाधारणक्षमता : श्वासोच्छ्वासाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर फुप्फुसांत असणाऱ्या हवेचे घनफळ. छाती भरून श्वास घेतल्यावर निरोगी प्रौढ पुरुषाच्या फुप्फुसांत सुमारे ६ लिटर हवा मावते, स्त्रीच्या सुमारे ४ ते ४.५ लिटर. हे घनफळ उंची, वय आणि लिंग यांवर ठरते. वजन वाढल्याने फुप्फुसे मोठी होत नाहीत. एकूण किती हवा मावते यापेक्षा त्यातली किती बदलता येते आणि ती किती झपाट्याने बाहेर पडते, यावरून श्वसनाच्या आरोग्याची खरी पारख होते.

घटक : शांत बसलेल्या माणसाच्या एका श्वासात सुमारे ५०० मिलि. हवा आत-बाहेर होते. त्यांपैकी सुमारे १५० मिलि. श्वासमार्गातच राहते, वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. साध्या श्वासानंतर जोर लावून आणखी सुमारे ३ लि. हवा आत घेता येते आणि साध्या उच्छ्वासानंतर आणखी सुमारे १.१ लि. बाहेर टाकता येते. या तिन्हींची बेरीज (पुरुषांत सुमारे ४.६ लि.) म्हणजे ‘व्हायटल कपॅसिटी’. कितीही जोर लावला तरी सुमारे १.२ लि. शेष हवा आत उरतेच. साध्या उच्छ्वासाअखेर आत असलेल्या सुमारे २.३ लि. हवेमुळे दोन श्वासांच्या मधल्या काळातही रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो. या वेळी वायुकोश उघडे राहण्यास त्यांच्या आतल्या सर्फॅक्टंट या द्रव्याची मदत होते. ते पुरेसे नसल्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वायुकोश मिटतात, हे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले.

मापन : जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने स्पायरोमीटर (श्वासातील हवेचे घनफळ मोजणारे उपकरण) वापरून २,००० हून अधिक लोकांची क्षमता मोजली आणि १८४६ मध्ये निष्कर्ष मांडले. व्हायटल कपॅसिटी उंचीच्या प्रमाणात वाढते आणि वयानुसार घटते, हे त्याने दाखवले. क्षयाची चाहूल तिच्यावरून लागेल, अशी त्याची धारणा होती. पुढे १९४७ मध्ये फ्रेंच वैद्य रॉबेर तिफनो यांनी घनफळाला वेळेची जोड दिली : जोराने फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते, हे मोजले जाऊ लागले. आजच्या स्पायरोमेट्रीचा हाच गाभा आहे. शेष हवा फुंकून बाहेर येत नसल्याने स्पायरोमीटरवर मोजता येत नाही. तिच्यासाठी हेलियम वायू श्वासावाटे देऊन तो किती विरळ होतो हे पाहतात, किंवा रुग्णाला बंद कक्षात बसवून दाबातील बदल नोंदवतात.

रोगनिदान : दमा आणि सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकालीन अवरोधी विकार) यांत श्वासमार्ग अरुंद होतात. पहिल्या सेकंदातील हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७०% पेक्षा कमी भरते. श्वासमार्ग रुंदावणारे औषध दिल्यावर दम्यात हा अडथळा बराचसा हटतो, सीओपीडीत पूर्णपणे हटत नाही. वातस्फीतीत वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन हवा आत अडकते; शेष हवा व एकूण घनफळ दोन्ही वाढतात. अशा रुग्णाची फुप्फुसे आकाराने मोठी असतात, तरीही चार पायऱ्या चढताना त्याला धाप लागते. याउलट फुप्फुसतंतुता, सिलिकोसिस, पाठीच्या कण्याचा तीव्र बाक किंवा श्वसनस्नायूंची दुर्बलता यांत एकूण घनफळच आक्रसते. हवा बाहेर पडते झपाट्याने, पण मुळात ती थोडी असते. क्षय बरा झाल्यावर उरणाऱ्या व्रणांमुळे दोन्ही प्रकारचे दोष संभवतात. आपल्याकडे चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना विडी-सिगारेट न ओढताही सीओपीडी होतो.

प्रमाण मूल्ये : रुग्णाचे आकडे त्याच वयाच्या, उंचीच्या व लिंगाच्या निरोगी व्यक्तींशी ताडून पाहतात. दीर्घकाळ यात वंशाचाही विचार होत असे. त्यामुळे कुपोषण, धूर आणि दारिद्र्य यांतून आलेली घट ‘नैसर्गिक’ मानली जाण्याचा धोका होता. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिरपेक्ष मूल्ये वापरण्याची शिफारस केली.

उपचार व प्रतिबंध : तीव्र श्वसनविकारात व्हेंटिलेटरवर मोठे श्वास दिल्यास शिल्लक निरोगी वायुकोशांवर ताण येतो. अपेक्षित वजनाच्या दर किलोग्रॅमला १२ ऐवजी ६ मिलि. हवा दिल्याने मृत्युप्रमाण ४०% वरून ३१% वर आले, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत आढळले. हे वजन प्रत्यक्षातले नसून उंचीवरून काढलेले असते.

फुप्फुसांची क्षमता साधारण विशी-पंचविशीत कमाल पातळी गाठते आणि नंतर हळूहळू घटते. धूम्रपानाने ही घट वेगावते; ते सोडल्यास वेग पुन्हा मंदावतो. श्वसनाच्या व्यायामांनी स्नायूंना बळ मिळते, पण नष्ट झालेले वायुकोश परत येत नाहीत. म्हणूनच बालपणीचे पोषण, धूरमुक्त स्वयंपाकघर आणि खाणी-खडीकेंद्रांवरील धुळीपासून संरक्षण यांना उपचारांइतकेच महत्त्व आहे. धाप लागणे हे वयाचे लक्षण समजून अंगावर काढू नये. स्पायरोमेट्री काही मिनिटांत होते आणि तिच्यामुळे रोग वेळीच ओळखता येतो.