गाजराचं पाणी

परवा फ्रिज आवरताना खालच्या कप्प्यात विसरलेली गाजरं सापडली. वर कापसासारखी पांढरी बुरशी, आणि उचलायला गेले तर बोटं थेट आत! आई म्हणाली, "पाणी झालं गं त्याचं." हात धुता धुता डोक्यात किडा वळवळला. दाताला दाद न देणाऱ्या गाजराचं पाणी होतं कसं?

असाच प्रश्न स्ट्रासबुर्गमधल्या आंटोन डी बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला पडला होता. १८८६ साली त्यांनी स्क्लेरोटिनिया बुरशीने कुजलेल्या गाजरांचा रस काढून निरोगी तुकड्यांवर वापरला. नुसत्या रसानेच तुकडे मऊ पडले, पेशी एकमेकींपासून सुटल्या. मग रस तापवला, तर त्याची करामतच गेली! म्हणजे बुरशी नुसत्या जोरावर आत घुसत नव्हती, पेशींच्या भिंती विरघळवणारं एन्झाइम सोडत होती. हा शब्दही तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता.

पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवतं ते पेक्टिन. पेरूच्या जेलीला घट्टपणा देतं, तेच. बुरशी नेमकं तेच खाते. पण चिकटा सुटला म्हणून पेशी मरावी का?

१९१५ मध्ये लंडनला विल्यम ब्राउन यांनी बोट्रायटिस बुरशीच्या कोवळ्या कोंबांचा अर्क काढला. त्याने भिंती सुटायच्या आणि पेशीही मरायच्या. खूप खटपट करूनही त्यांना ही दोन कामं वेगळी करता आली नाहीत. मारणारं वेगळं विष आहे की एकच एन्झाइम दोन्ही करतं, हा प्रश्न पुढे चाळीस वर्षं लोंबकळत राहिला.

१९५५ मध्ये ट्राइब नावाच्या संशोधकाने पेशी आधी दाट द्रावणात ठेवून आक्रसवल्या. आता भिंत कमजोर झाली तरी त्या तग धरून राहिल्या! सायकलची ट्यूब आठवा. हवा भरलेली असताना टायर फाटला तर ती फुगून फुटते, हवा कमी असेल तर वाचते. पेशीत हवेऐवजी पाण्याचा दाब असतो, एवढंच.

म्हणजे बुरशी टायर कापते आणि गाजर स्वतःच्याच रसरशीतपणाने फुटतं. मला हे वाचून जरा वाईटच वाटलं. पाण्याने टच्च भरलेल्या पेशीलाच धोका जास्त!

आईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उरलेली चार चांगली आहेत ना? मग किसायला घे."

हलवा छान झाला होता.