टेबल रॉकचं पाणी आणि टॅनीकोमोचा ट्राउट

धरणांचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिंचन, वीज आणि विस्थापन या तीन गोष्टी येतात. मासा येत नाही. आज आपण मुद्दाम माशाच्या बाजूने एका धरणाकडे पाहणार आहोत. जागा लांबची आहे, अमेरिकेतलं मिसुरी राज्य, त्याचा नैर्ऋत्येकडचा ओझार्क नावाचा डोंगराळ भाग. तिथे टॅनीकोमो नावाचा तलाव आहे आणि त्या तलावावर गळाने ट्राउट धरायला देशभरातून लोक येतात. या लोकांचा एक अनुभव ऐकायला विचित्र वाटतो. पूर येतो एप्रिल-मेमध्ये, आणि माशांचे हाल होतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाणी ओसरून बरेच दिवस झाल्यावर. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे, 1913 पर्यंत जावं लागतं.

आधी नकाशा. व्हाइट नदी आर्कान्सामध्ये उगम पावते, वर मिसुरीत शिरते आणि वळसा घेऊन पुन्हा आर्कान्सात उतरते. तिच्यावर आज एकाखाली एक असे चार जलाशय आहेत. सगळ्यांत वर बीव्हर, मग टेबल रॉक, मग आपला टॅनीकोमो आणि त्याच्या खाली बुल शोल्स. यातला सर्वांत जुना टॅनीकोमो. 1913 मध्ये फोर्साइथ गावाजवळ एका खाजगी वीज कंपनीने पॉवरसाइट नावाचं धरण बांधलं. त्याच्या फुगवट्यामुळे सुमारे 22 मैलांचा अरुंद, नदीसारखाच दिसणारा तलाव तयार झाला. नावही गमतीदार आहे. टॅनी काउंटी, मिसुरी, एवढंच. टपालाच्या पत्त्यात लिहितात तसं 'टॅनी को. मो.' हे लघुरूप जोडून लिहिलं, झालं टॅनीकोमो. ऐकणाऱ्याला वाटतं कुठला तरी आदिवासी शब्द असेल!

त्या काळी हे पाणी उबदार होतं. त्यात बास होता, कॅटफिश होता. ट्राउट नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे रेल्वे आली. 1907 मध्ये हॅरल्ड बेल राइट यांची 'द शेफर्ड ऑफ द हिल्स' ही कादंबरी आली आणि तुफान खपली. तिच्यातले डोंगर बघायला शहरी माणसं येऊ लागली. गलीना गावातून लांबट, सपाट बुडाच्या लाकडी होड्यांत बसायचं, चार-पाच दिवस नदीच्या प्रवाहाबरोबर वाहत ब्रॅन्सनला यायचं, वाटेत मासे धरायचे, रात्री काठावर मुक्काम करायचा. वाटाडे स्थानिक शेतकरी असत, आणि त्या पैशावर बऱ्याच घरांचं वर्ष निघत असे. तलाव झाल्यावर त्याच्या काठी रॉकअवे बीच नावाचं गाव वसलं. पोहणं, होड्या, नाचघरं, उन्हाळी घरं असं सगळं तिथे होतं. हे गाव लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता टेबल रॉक. 1927 च्या मिसिसिपीच्या महापुराने अमेरिकेचं पूरनियंत्रणाचं सगळं धोरण बदललं. त्या पुरात व्हाइट नदीनेही आर्कान्सातल्या सखल शेतीची दैना केली होती. 1941 च्या पूरनियंत्रण कायद्याने टेबल रॉकला मंजुरी मिळाली, मग महायुद्ध मध्ये आलं आणि प्रत्यक्ष काम 1954 ते 1958 मध्ये झालं. बांधणारं खातं म्हणजे लष्कराचं अभियंता दल, तिथे त्याला नुसतं 'कोअर' म्हणतात. 252 फूट उंचीचं धरण, चार जनित्रं. उद्देश दोन: पूर अडवणं आणि वीज. ट्राउट हा शब्द त्या हिशेबात कुठेही नव्हता, आणि आजच्या गोष्टीतली निम्मी भांडणं इथूनच निघतात.

झालं काय, ते नीट पाहू. हिवाळ्यात अशा खोल जलाशयातलं पाणी वरपासून खालपर्यंत ढवळलं जातं आणि सगळंच थंड होतं. वसंतात ऊन वाढलं की वरचा थर तापतो, हलका होतो आणि झाकणासारखा वर बसून राहतो. खालचं थंड पाणी तिथेच कोंडलं जातं. टेबल रॉकच्या जनित्रांना पाणी पुरवणारी तोंडं पार खोलवर आहेत. त्यामुळे भर जुलैमध्येही धरणातून बाहेर पडणारं पाणी सुमारे 9 अंश सेल्सिअसचं असतं. हे पाणी थेट टॅनीकोमोत पडतं. म्हणजे 1958 नंतर पंचेचाळीस वर्षांचा एक उबदार तलाव थोड्याच काळात बर्फगार झाला.

बासची पैदास थांबली. पोहणारे पाण्यात पाय घालून परत फिरू लागले. रॉकअवे बीचचा सगळा संसार पोहण्यावर उभा होता, तो हळूहळू बसत गेला. कोणी त्या गावाची जमीन घेतली नाही, घरं बुडवली नाहीत, म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्नही आला नाही. गेली ती फक्त पाण्याची ऊब. विस्थापितांच्या यादीत न बसणारं असं नुकसान धरणांच्या इतिहासात फार कमी वेळा नोंदलं जातं, असं आम्हाला वाटतं.

मग या थंड पाण्याचं करायचं काय? राज्याच्या संवर्धन खात्याने धरणाच्या पायथ्याशी ट्राउटची हॅचरी उभारली आणि तिला त्या कादंबरीचंच नाव दिलं, शेफर्ड ऑफ द हिल्स. ट्राउट हा थंड, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यातला मासा. आपल्याकडे इंग्रजांनी तो काश्मीरमध्ये आणि निलगिरीत नेला, सह्याद्रीतल्या धरणांत नेला नाही, त्याचं कारण हेच. मिसुरीतही तो मूळचा नाही. रेनबो ट्राउट कॅलिफोर्नियाकडचा, ब्राउन ट्राउट युरोपातला. टॅनीकोमोत आजही दरवर्षी हॅचरीतून लाखो रेनबो सोडले जातात. ब्रॅन्सनच्या बाजूला होड्यांचे धक्के, वाटाडे, छोटी हॉटेलं वाढली. एक गाव बसलं, दुसरं उभं राहिलं, आणि दोन्हींचं कारण एकच पाणी.

आता रोजची गोष्ट. टॅनीकोमो नावाला तलाव असला तरी त्याची पातळी आणि प्रवाह टेबल रॉकची जनित्रं ठरवतात. ही वीज गर्दीच्या वेळची वीज आहे. उन्हाळ्यात दुपारी घराघरांत एसी सुरू झाले की जनित्रं सुरू. मागणी उतरली की बंद. बंद असताना धरणाखालचा भाग उथळ आणि संथ असतो. माणसं कमरेपर्यंतचे रबरी विजारबूट घालून पात्रात उतरतात, केसाएवढ्या बारीक दोरीला किड्याएवढा गळ लावतात. तळाच्या गोट्यांत कोळंबीच्या जातीचे बारीक जीव असतात, ट्राउटचा तो मुख्य खुराक, आणि गळ त्याच्याच नकलेचा. जनित्र सुरू होण्यापूर्वी भोंगा होतो. भोंगा झाला की बाहेर यायचं. इथे हयगय चालत नाही, कारण पाणी बघता बघता कित्येक फूट चढतं. मग पात्रात उभं राहणं संपतं आणि होड्यांचं राज्य सुरू होतं. होडी प्रवाहावर सोडायची, दोरीला वजन लावून गळ तळाला घासत न्यायचा. मासाही जागा बदलतो. तो धारेत ताकद वाया घालवत नाही, दगडाच्या आडोशाला, काठाच्या भोवऱ्यात थांबतो आणि वाहून येणारं खाणं टिपतो. त्यामुळे 'पाणी सोडलंय, आज मासे नाहीत' हे खरं नाही. मासे असतात, जागा आणि पद्धत बदलते. जुने वाटाडे तर वाहत्या पाण्याचेच दिवस पसंत करतात.

चारही जनित्रं पूर्ण चालली की साधारण 15 हजार क्युसेक पाणी सुटतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. आपल्याकडे पावसाळ्यात 'खडकवासल्यातून इतके क्युसेक विसर्ग' अशा बातम्या येतात, तेच माप.

हे झालं नेहमीचं. पूर आला की गणित बदलतं. टेबल रॉकची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून 915 फूट आणि पुराचं पाणी साठवायची मर्यादा 931 फूट. या 16 फुटांत पूर अडवायचा आणि नंतर हळूहळू सोडायचा. किती हळू? इथे माशाचा किंवा ब्रॅन्सनचा संबंध येत नाही. खूप खाली, आर्कान्सात न्यूपोर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या नदीची पातळी किती, तिथल्या सखल शेतांत पेरणी आहे की नाही, यावर वरच्या धरणांचा विसर्ग ठरतो. म्हणजे आर्कान्सातल्या शेतकऱ्याचं पीक वाचावं म्हणून मिसुरीतला तलाव आठवडेच्या आठवडे तुडुंब वाहत राहतो. यात चूक कोणाची नाही. शेत वाचवणं हेच तर धरणाचं कागदावरचं काम आहे. पण पात्रात उतरून मासे धरणाऱ्याचा अख्खा हंगाम भोंग्याविनाच बुडतो, कारण जनित्रं बंदच होत नाहीत.

2008, 2011, डिसेंबर 2015 आणि 2017 या वर्षी तर पाणी याही पलीकडे गेलं. 2011 च्या एप्रिलमध्ये टेबल रॉकची पातळी 935 फुटांवर पोचली, सांडव्याचे दरवाजे उघडले आणि विसर्ग 65 हजार क्युसेकच्या वर गेला. जनित्रांच्या कमाल विसर्गाच्या चौपटीहून जास्त. टॅनीकोमोकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं, होड्यांचे धक्के उखडले.

मासेमारीच्या दृष्टीने सांडव्याचं पाणी हे वेगळं पाणी आहे. जनित्रांचं पाणी तळाचं, सांडव्याचं वरच्या थरांतलं. वरच्या थरांत राहणारे मासेही त्याबरोबर खाली येतात. वॉलाय, व्हाइट बास, क्रॅपी असे टेबल रॉकचे रहिवासी पुरानंतर टॅनीकोमोत गळाला लागू लागतात. शिवाय शॅड नावाचा चंदेरी छोटा मासा धरणातून वाहून येतो, ट्राउट त्याच्यावर ताव मारतात आणि जाड होतात. म्हणून पुरानंतरचे काही आठवडे मासेमारी उत्तम चालते, आणि बाहेरून आलेल्याला वाटतं, पुराने चांगलंच केलं.

फटका नंतर बसतो. टेबल रॉकच्या तळाचं थंड पाणी ही हिवाळ्याने करून ठेवलेली बेगमी आहे, असं समजा. वर्षातून एकदाच भरते, पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरवायची. नेहमीच्या वर्षी ती पुरते. पुराच्या वर्षी साठलेलं पाणी उतरवायला चारही जनित्रं रात्रंदिवस चालतात आणि ही बेगमी उन्हाळ्यातच उपसली जाते. शरद ऋतू येईपर्यंत जनित्रांच्या तोंडाशी उबदार पाणी उतरतं. त्यात दुसरी अडचण ऑक्सिजनची. तळाच्या पाण्याला महिनोन्महिने हवा लागलेली नसते आणि खाली पालापाचोळा कुजत असतो, पुराने तर तो आणखी आणलेला असतो. ऑगस्टच्या अखेरीपासून हिवाळ्यातल्या ढवळणीपर्यंत तिथे ऑक्सिजन जवळपास संपतो. थंड पाण्यातल्या माशांसाठी राज्याचं प्रमाण लिटरला 6 मिलिग्रॅमचं आहे. शरदात धरणातून येणारं पाणी त्याच्या बरंच खाली जातं. ट्राउट मंदावतात, खाणं सोडतात, आणि गळाने धरून परत सोडलेला मासा अशा पाण्यात नेहमीसारखा सावरत नाही. त्यात हॅचरीलाही पाणी येतं ते टेबल रॉकचंच. म्हणजे तलावात नवे मासे सोडणाऱ्याचीही त्याच वेळी तीच अडचण.

यावर उपाय केले गेले. जनित्राच्या चक्रात हवा ओढून घेणं, शरदात जनित्रं पूर्ण ताकदीने न चालवणं, हॅचरीत शुद्ध ऑक्सिजन सोडणं. दरवाजातून थोडं वरचं पाणी मिसळणं हाही एक मार्ग आहे, पण दरवाजातून गेलेलं पाणी वीज देत नाही. दर वेळी कोणाचा तरी खिसा आड येतो.

हा प्रश्न एकट्या टॅनीकोमोचा नव्हता. सगळ्या देशभर धरणांखाली हेच चाललं होतं. म्हणून 'नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन' ही संस्था न्यायालयात गेली. तिचं म्हणणं साधं होतं. ऑक्सिजन नसलेलं थंड पाणी नदीत सोडणं हे प्रदूषण आहे, तेव्हा कारखान्यांना लागतो तसा परवाना धरणांनाही लागला पाहिजे. 1982 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हे अमान्य केलं. धरण स्वतः काही मिसळत नाही, त्यामुळे पाण्यातला असा बदल म्हणजे परवाना लागणारं उत्सर्जन नव्हे, हा पर्यावरण खात्याने लावलेला अर्थ न्यायालयाने उचलून धरला. आमच्या मते कायद्याच्या शब्दाने ते ठीक असेल, माशाच्या बाजूने ते धरून बसणं कठीण आहे. पण परिणाम असा झाला की धरणाखालचा ऑक्सिजन हा परवान्याचा विषय न होता खात्याखात्यांतल्या समजुतीचा विषय राहिला. चांगला अधिकारी असला की चांगलं वर्ष, एवढाच भरवसा.

राज्याच्या हातात पाणी नव्हतं, मासा होता. 1997 मध्ये धरणापासून फॉल क्रीकपर्यंतच्या वरच्या टप्प्यात नियम आला: फक्त कृत्रिम गळ, आणि 12 ते 20 इंचांमधला रेनबो पुन्हा पाण्यात सोडायचा. 2019 च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऑक्सिजनच्या वाईट मोसमातच, टॅनीकोमोत 40 पौंड 6 औंसांचा ब्राउन ट्राउट मिळाला. राज्यातला विक्रम. मिळाला तो होडीतून.

दुसऱ्या दिवशी किती जनित्रं किती वाजता चालणार, याचा अंदाज आदल्या दिवशी जाहीर होतो. ब्रॅन्सनच्या धक्क्यांवर सकाळी पहिलं बोलणं त्याचंच असतं. इथे थांबू, आणि प्रश्न घेऊ.