गेलेल्या जिवाची दिवाणी दाद

खून झाला तर सरकार खुन्याला फासावर देते किंवा तुरुंगात टाकते. कित्येक शतके लोकांची अशी समजूत होती की, एवढ्याने न्यायाचे काम संपले. पण ज्या घरातला कर्ता माणूस कोणाच्या निष्काळजीपणाने गेला, त्या घरातल्या चुलीचे काय, हा निराळाच प्रश्न आहे, आणि तो न्यायालयाच्या दारात उभा राहायला फार उशीर लागला. आज आम्ही त्या उशिराचा इतिहास सांगणार आहोत.

इ. स. १८०८ साली इंग्लंडात एक घोडागाडी उलटली. गाडीच्या टपावर एक मद्यगृहवाला व त्याची बायको बसली होती. त्याला खरचटले, ती सुमारे महिनाभर इस्पितळात राहून मरण पावली. बाई दुकानात नवऱ्याला मोठा हातभार लावीत असे. नवऱ्याने गाडीवाल्यांवर दावा लावला. न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी ज्यूरीला सांगितले की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानी नव्हे. ज्यूरीने शंभर पौंड दिले, पण ते त्याच्या स्वतःच्या दुखापतीबद्दल आणि बायको जिवंत असेपर्यंतच्या त्या महिन्याच्या विरहाबद्दल! ती मेली त्या क्षणापासून पुढचे सारे नुकसान शून्य. म्हणजे गाडीवाल्याच्या हिशेबी प्रवाशाचा पाय मोडण्यापेक्षा प्रवासी मेलेला स्वस्त. या निकालाला काही जुना आधार दाखवण्याचे कष्टही न्यायमूर्तींनी घेतले नाहीत, आणि तरी पुढची कित्येक वर्षे तो वेदवाक्यासारखा मानला गेला.

त्या देशात याच्या जोडीला आणखी एक मजेदार रूढी होती. ज्या वस्तूने माणूस मरे, ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जप्त होई. तिला ‘डिओडँड’, म्हणजे देवाला द्यायची वस्तू, असे लॅटिन वळणाचे नाव होते. देवाचे नाव आणि राजाची तिजोरी. मृताच्या पोरांना त्यातले काही मिळेलच असे नाही. आपणही हसण्याचे कारण नाही. बौधायन धर्मसूत्रात क्षत्रियाच्या वधाबद्दल हजार गाई व वर एक बैल द्यावा असे सांगितले आहे, तो वैर फेडण्यासाठी. आणि तेही दान राजाकडेच. वैश्याला शंभर आणि शूद्राला दहा गाई, ही उतरंड तर प्रसिद्धच आहे. आपल्या पेशवाईच्या दप्तरात ‘बालपरवेशी’ हा शब्द भेटतो. लढाईत पडलेल्याच्या बायकामुलांना सरकारातून मिळणारी ती नेमणूक. शब्द मोठा मायेचा आहे, पण ती धन्याची कृपा होती. अपराध्याकडून वसूल करण्याचा हक्क नव्हता. कृपा आणि हक्क यांतले अंतर ओलांडायला आगगाडी यावी लागली.

२४ डिसेंबर १८४१ रोजी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी सॉनिंगच्या खोदाईत ढासळलेल्या दरडीवर आदळली. उघड्या डब्यांत बसलेले तिसऱ्या वर्गाचे गरीब उतारू मेले. ज्यूरीने इंजिनावर व डब्यांवर एक हजार पौंडांचा डिओडँड बसवला. तो पुढे टिकला नाही, पण रेल्वे कंपन्या दचकल्या. बैलगाडीचे चाक जप्त होणे निराळे आणि इंजिन जप्त होणे निराळे. १८४६ साली पार्लमेंटने डिओडँड रद्द केला आणि त्याच वर्षी लॉर्ड कँबेल यांच्या पुढाकाराने मृत्यूच्या भरपाईचा कायदा केला. कंपन्यांच्या डोक्यावरचे एक ओझे उतरवून दुसरे ठेवले, असा हा सौदा होता असे आम्हांस वाटते. नवरा, बायको, आईबाप व मुले यांच्यासाठी मृताच्या व्यवस्थापकाने बारा महिन्यांच्या आत दावा लावायचा, आणि मिळालेली रक्कम ज्यूरीने वाटून द्यायची.

पण ही भरपाई कशाची? एका विधवेला ज्यूरीने चार हजार पौंड दिले, तेव्हा १८५२ साली वरिष्ठ न्यायालयाने ते रद्द करून पुन्हा चौकशी करायला सांगितले. दुःखाची किंमत द्यायची नाही. पैशाचे नुकसान तेवढे मोजायचे, असा दंडक पडला. मृत माणूस किती मिळवीत होता, घरात किती देत होता, आणखी किती वर्षे देता, एवढाच हिशेब. न कमावणारे मूल किंवा म्हातारी आई गेली, तर कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ कोणीच गेले नव्हते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गाडी सुटली. पुरती दोन वर्षे होण्याच्या आत, मार्च १८५५ मध्ये, हिंदुस्थानात १८५५ चा तेरावा कायदा आला. तो इंग्रजी कायद्याची नक्कलच होता; फक्त ज्यूरीऐवजी वाटणी न्यायालयाने करायची. त्याच्या आरंभीच म्हटले आहे की, दुसऱ्याच्या अपकृत्याने मृत्यू आला तर आजवर कोणत्याही न्यायालयात दावा चालत नसे. हे वाक्य आम्हांला चमत्कारिक वाटते. मुंबई इलाख्यातल्या अदालतींना १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने कायदा व रूढी यांचा आधार नसेल तेथे न्याय, समता व सद्बुद्धी यांनी निकाल द्यायला सांगितले होते. सद्बुद्धीने लॉर्ड एलनबरोंचेच मत दिले असते काय? पण रोगही विलायतेहून आला आणि औषधही.

औषधाची मात्राही थोडी. ‘मूल’ या शब्दात नातवंडे व सावत्र मुले आली, ‘आईबाप’ यांत आजाआजी आली. भाऊ आणि बहीण मात्र आली नाहीत. एकत्र कुटुंबाच्या देशात थोरल्या भावाच्या कमाईवर शिकणारा धाकटा या कायद्याला दिसलाच नाही.

आणि मजूर? १८३७ पासून इंग्लंडात असा सिद्धांत चालू होता की, एका धन्याच्या दोन नोकरांपैकी एकाच्या चुकीने दुसरा मेला, तर धनी जबाबदार नाही. नोकरी पत्करताना तो धोका त्याने पत्करलाच होता. बोरघाटाचे काम १८५६ ते १८६३ चालले. तेथे हजारो मजूर पटकीने, सुरुंगाने, कड्यावरून पडून मेले. अशा माणसाच्या बायकोने दावा लावायचा म्हटले, तर तिच्यासमोर हा सिद्धांत उभा. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून सुरू झाला, तेव्हा चूक कोणाची हे न विचारता मजुरीच्या प्रमाणात रक्कम मिळू लागली.

जुन्या सिद्धांतावर एक जोराचा घाव आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाने १९३७ साली घातला, ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. सहकाऱ्याच्या निष्काळजीपणाने मेलेल्या रेल्वेतील एका नोकराच्या विधवेचा तो दावा होता. मुख्य न्यायमूर्ती स्टोन यांनी विचारले की, न्याय, समता व सद्बुद्धी म्हणून इंग्लंडचा कायदा घ्यायचा, तर आजचा घ्यायचा की कालचा? इंग्लंडने कायदे करून जो नियम ढिला केला, तो आम्ही येथे सद्बुद्धी म्हणून का जपावा? १८२७ च्या रेग्युलेशनमधल्या शब्दांना शंभर वर्षांनी असा अर्थ लाभला. पुढे प्रिव्ही कौन्सिलने वेगळे मत दिले, आणि शेवटी १९५१ च्या दुरुस्तीने तो सिद्धांत निकालात निघाला.

मोटारींनी बाकीचे काम केले. १९३९ च्या कायद्याने विमा सक्तीचा केला, १९५६ च्या दुरुस्तीने खास न्यायाधिकरणे आणली. तेथे वारस दावा करू शकतात, म्हणून १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने भावाचाही हक्क मान्य केला. १८५५ च्या यादीत नसलेला भाऊ असा मोटारीच्या दाराने आत आला. घर चालवणाऱ्या बाईचेही असेच. १९८९ साली जमशेदपूरच्या एका समारंभात आग लागून अनेक जीव गेले. त्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना तीन हजार रुपये धरली. मद्यगृहवाल्याच्या बायकोचे दुकानातले काम हिशेबात धरायला १९३ वर्षे गेली. २००९ साली वयाप्रमाणे गुणकांचा तक्ता ठरला: पंचविशीपर्यंत अठरा, पुढे उतरत सत्तरीपर्यंत पाच. आणि दुःख? २०१७ साली सहवास गेल्याबद्दल चाळीस हजारांचा आकडा ठरला, आणि २०१८ साली तो आईबापांना व मुलांनाही लागू केला. आकडा लहान आहे, पण १८५२ च्या दंडकाला पडलेली ती भेग आहे.

मुदतीची कथा मात्र उलटसुलट आहे. १८५५ च्या कायद्याखालच्या दाव्याला पूर्वी एक वर्ष होते, १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने दोन वर्षे झाली. मोटारीच्या दाव्याला प्रथम साठ दिवस दिले होते. घरात सुतक फिटते, चूल पुन्हा पेटते, तोवर निम्मी मुदत संपलेली. १९६९ साली ते सहा महिने झाले, १९९४ साली मुदतच काढून टाकली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची अट परत आणली. ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली.