शेवटच्या प्रवेशातील प्रेते

शोकांतिकेचा शेवट प्रेतांनी होतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. ती प्रेते कोणाची, हा प्रश्न मात्र वर्गात सहसा निघत नाही. मरण सर्वांना एका पंक्तीत बसवते, असे म्हणण्याची रीत आहे. रंगभूमीचा इतिहास ही समजूत खोटी ठरवतो. तेथे मरणालाही दर्जा आहे, आणि तो दर्जा जन्मावर ठरत आला आहे.

इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्र' लिहिले. शोकांतिकेचा नायक नामवंत आणि वैभवशाली घराण्यातला असावा, हा दंडक त्याने घालून दिला. त्याच ग्रंथात गुलाम हा एकूण हीनच, असेही तो सांगून जातो. 'राजनीती'त तर गुलाम म्हणजे त्याच्या लेखी जिवंत अवजार. अवजार मोडते, त्यासाठी कोणी रडत नाही.

ग्रीक रंगभूमीवर हत्या बहुधा प्रेक्षकांसमोर होत नसे. इ.स.पूर्व ४४१ च्या सुमारास सोफोक्लीजने 'अँटिगनी' रचले. या नाटकाचा संघर्षच एका प्रेतासाठी आहे : पॉलिनायसीसला माती द्यायची नाही, असा क्रेऑन राजाचा हुकूम. शेवटी अँटिगनी गळफास घेते, हेमन तलवारीवर पडतो, युरिडिसी राणी आत्मघात करते. ही तिन्ही मरणे आपल्यापर्यंत येतात ती निरोप्यांच्या तोंडून. त्या निरोप्यांना नावे नाहीत. राजघराण्याचे मरण सांगण्यापुरताच त्यांना आवाज आहे.

शेक्सपिअरने प्रेते रंगमंचावर आणली. १६०० च्या सुमाराच्या 'हॅम्लेट'मध्ये अखेरीस राजा, राणी, लाएर्टीस आणि हॅम्लेट अशी चार प्रेते पडतात. हॅम्लेटला चार सरदार उचलून नेतात, त्याला सैनिकी मानवंदना मिळते. पण याच अंकाच्या आरंभी ओफिलियासाठी कबर खणणारे दोन मजूर एक रोखठोक गोष्ट बोलून जातात : ही बाई खानदानी नसती, तर तिला धर्मविधीची माती मिळाली नसती. फावडे हाती असलेल्याला मरणातील भेद कळतो. समीक्षकांनी या मजुरांना 'विनोदी पात्रे' म्हणून बाजूला बसवले!

'किंग लिअर'मध्ये हा भेद अधिक उघडा आहे. कॉर्नवॉल हा सरदार वृद्ध ग्लॉस्टरचे डोळे काढत असताना त्याचाच एक नोकर तलवार उपसतो. लहानपणापासून त्या घरी चाकरी केलेला हा माणूस धन्याला अडवतो. रेगन त्याला मागून भोसकते. पण त्याचा घाव वर्मी लागलेला असतो; कॉर्नवॉल त्याच घावाने मरतो. म्हणजे जुलमाला पहिला जबर तडाखा राजपुत्राने नव्हे, एका चाकराने दिला. त्याचे प्रेत उकिरड्यावर फेकण्याचा हुकूम होतो. शेवटच्या प्रवेशात कॉर्डेलिया आहे, लिअर आहे, गॉनरिल व रेगनची प्रेतेही आहेत. या नोकराची आठवण कोणाला नाही. १६०८ च्या छापील प्रतीत दुसरे दोन नोकर ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला ताग आणि अंड्याचा पांढरा बलक लावायचे ठरवतात. १६२३ च्या प्रतीत तेवढे संभाषणही गळाले. १६८१ मध्ये नेहम टेटने शेवट बदलून कॉर्डेलियाला जगवले, आणि पुढे सुमारे दीडशे वर्षे इंग्रजी रंगभूमीवर तोच शेवट चालला. कॉर्डेलियाचे मरण प्रेक्षकांना सोसवत नव्हते. चाकराचे मरण सोसायला कोणाला कष्ट पडले?

हा दंडक गेओर्ग ब्यूश्नर या जर्मन तरुणाने मोडला. १८२४ मध्ये लाइपझिगच्या चौकात वॉयझेक नावाच्या एका कंगाल माणसाचा शिरच्छेद झाला होता. त्यावरून ब्यूश्नरने नाटक लिहायला घेतले आणि १८३७ मध्ये, तेविसाव्या वर्षी, ते अपुरे ठेवून तो वारला. ते छापले गेले १८७९ मध्ये. रंगभूमीवर आले १९१३ मध्ये. त्यातला वॉयझेक कॅप्टनची दाढी करतो, चार पैशांसाठी डॉक्टरच्या प्रयोगाखातर नुसते वाटाणे खातो. पण त्याचा सुरा कॅप्टनवर वा डॉक्टरवर पडत नाही. तो पडतो मारीवर, त्याच्या मुलाच्या आईवर. वरून येणारी हिंसा खाली झिरपत सर्वांत दुबळ्या देहावर येऊन थांबते. ब्यूश्नरने हे झाकले नाही, हीच त्याची थोरवी.

शिक्षक मित्रांनो, 'लिअर' जरूर शिकवा. कॉर्डेलियासाठी विद्यार्थ्यांचे डोळे भरून आले तर तेही योग्यच. पण तास संपण्यापूर्वी त्यांना एवढे विचारा : उकिरड्यावरच्या त्या माणसाचे नाव काय होते?