छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस

मुंबईच्या फोर्ट विभागातील मध्य रेल्वेचे अंतिम स्थानक व मुख्यालय. जुने नाव व्हिक्टोरिया टर्मिनस; जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजूनही ‘व्हीटी’. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला सुटली ती इथल्याच बोरीबंदरहून. पुढे व्याप वाढला आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेने नव्या वास्तूचे काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाकडे सोपवले. १८७८ मध्ये सुरू झालेले बांधकाम दहा वर्षे चालले. खर्च आला सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. नामकरण मात्र काम पुरते संपण्याआधीच, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये उरकण्यात आले.

रस्त्यावरून दिसणारा दगडी महाल मुळात रेल्वेची कचेरी आहे. गाड्या लागतात त्या बाजूच्या व मागच्या छपरांखाली. शैली व्हिक्टोरियन गॉथिक, पण कमानी आणि मनोरे इथल्या राजवाड्यांच्या वळणाचे. मध्यभागी अष्टकोनी घुमट. तो खालून आधाराचा सांगाडा न देता फासळ्यांवर उभारला, याचे तेव्हा मोठे अप्रूप होते. माथ्यावर ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती : उजव्या हाती मशाल, डाव्या हाती आऱ्यांचे चाक. फाटकाच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर भारताचा वाघ. बरेचसे कोरीवकाम सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतल्या हातांचे. त्यातले मोर आणि माकडे या दोन श्वापदांपेक्षा कितीतरी जिवंत वाटतात. दर्शनी भागावर कंपनीच्या संचालकांचे मुखवटे आहेत. त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई हे दोघे भारतीय. घड्याळाखालच्या कोनाड्यातला राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलवला. कोनाडा रिकामाच आहे.

सर्वसामान्य प्रवाशाच्या वाट्याला या थाटातले आले ते तिकीटघर, ‘स्टार चेंबर’. इटालियन संगमरवराचे खांब, निळ्या छतावर सोनेरी तारे, खिडक्यांना पितळी कठडे. लोकल पकडायच्या घाईत छताकडे मान वर करतो कोण?

३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी येथून कुर्ल्याला गेली. १९९६ मध्ये स्थानकाला छत्रपती शिवाजींचे नाव मिळाले, २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान. ‘महाराज’ ही उपाधी २०१७ मध्ये जोडली गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. समोरची मुंबई महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच.