सिंक्रोफेझर संदेशवहन

सिंक्रोफेझर संदेशवहन : वीजजालातील दूरदूरच्या उपकेंद्रांवर एकाच क्षणी घेतलेली विद्युतदाब व प्रवाहाची मोजमापे त्या क्षणाच्या अचूक वेळेसह भार प्रेषण केंद्राकडे अखंड पाठवण्याची व्यवस्था. उपकेंद्रातल्या मोजणाऱ्या उपकरणाला फेझर मेजरमेंट युनिट किंवा नुसते पीएमयू म्हणतात. अनेक पीएमयूंची माहिती गोळा करून वेळेनुसार लावणारा संगणक म्हणजे फेझर डेटा कॉन्सन्ट्रेटर, अर्थात पीडीसी. या सगळ्या साखळीला वाइड एरिया मेजरमेंट सिस्टिम म्हणतात. अभियंत्यांच्या बोलण्यात ती ‘वॅम्स’ असते.

प्रत्यावर्ती विजेच्या लहरीचा मोठेपणा आणि तिची कला या दोन्ही गोष्टी एकाच संमिश्र संख्येत मांडण्याची रीत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये रूढ केली. ती संख्या म्हणजे फेझर. पारेषण वाहिनीच्या दोन टोकांवरील दाबांच्या कलाकोनांत जितका फरक, तितकी जास्त वीज त्या वाहिनीवरून वाहते. हा फरक फार वाढला, तर दोन्हीकडची जनित्रे एकमेकांशी जुळून फिरू शकत नाहीत आणि जाल तुटते. जालावर ताण किती आहे हे सांगणारी सगळ्यांत बोलकी राशी म्हणजे हा कोन. तो थेट मोजायचा, तर दोन्ही टोकांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. ५० हर्ट्‌झच्या जालात एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. त्यामुळे घड्याळात एका मिलिसेकंदाची चूक झाली, तरी कोनात १८ अंशांची चूक पडते. मोजमाप उपयोगी ठरायचे, तर घड्याळ मायक्रोसेकंदाच्या घरात बरोबर असले पाहिजे.

जुनी स्काडा यंत्रणा या कामासाठी घडवलेलीच नव्हती. तिच्यात प्रेषण केंद्र दर काही सेकंदांनी उपकेंद्रांकडून आकडे मागवते आणि कोनाचा अंदाज गणिताने काढते. जाल संथ बदलत असते तोवर हे पुरते. ११ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातील एका वीजकेंद्राच्या बाष्प टर्बाइनच्या नियंत्रणाला चुकीचे मोजमाप मिळाले आणि त्याचे उत्पादन सुमारे २०० मेगावॅटने हेलकावू लागले. हेलकाव्याची वारंवारता होती ०.२५ हर्ट्‌झ, म्हणजे चार सेकंदांत एक झोका. पूर्व अमेरिकेचे सगळे जाल, पार न्यू इंग्लंडपर्यंत, सुमारे १८ मिनिटे त्याच्याबरोबर डोलत होते. दर चार सेकंदांनी आकडा घेणाऱ्या यंत्रणेला प्रत्येक झोक्यातला तोच तो बिंदू दिसतो आणि तिच्या पडद्यावर सारे स्थिर वाटते. पीएमयूच्या नोंदींत मात्र तो हेलकावा स्वच्छ उमटला होता. स्पेन व पोर्तुगाल २८ एप्रिल २०२५ रोजी अंधारात गेले, त्याआधीच्या अर्ध्या तासात दोन वेळा आलेले असेच हेलकावे या प्रकारच्या नोंदींतूनच नीट अभ्यासता आले.

इतिहास : पीएमयूचा जन्म संरक्षक रिलेच्या, म्हणजे बिघाड ओळखून वाहिनी तोडायला लावणाऱ्या उपकरणाच्या, संशोधनातून झाला आणि त्याच्याशी एक मराठी नाव जोडलेले आहे. ग्वाल्हेरला १९३८ मध्ये जन्मलेले अरुण फडके आयआयटी खरगपूरहून अमेरिकेत गेले. अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीत त्यांनी बिघाड किती अंतरावर आहे हे ओळखणाऱ्या संगणकाधारित अंतर-रिलेवर काम केले. त्या काळच्या छोट्या संगणकांना बिघाडाचे सगळे प्रकार वेगवेगळे तपासणे झेपत नव्हते. म्हणून तीन फेजांच्या राशींचे सममित घटक काढून सारे गणित एका समीकरणात बसवले गेले. ते करताना लक्षात आले, की याच पद्धतीने दाबाचा मुख्य घटक अतिशय नेमका मोजता येतो. त्याच सुमारास जीपीएस उपग्रह उपलब्ध होऊ लागले आणि शेकडो किलोमीटरवरची घड्याळे जुळवण्याचा प्रश्न सुटला. फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या प्रयत्नांतून १९८८ च्या सुमारास व्हर्जिनिया टेकमध्ये पहिले पीएमयू तयार झाले. या कामासाठी दोघांना २००८ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. विश्वकोशांत आणि पाठ्यपुस्तकांत फडके यांना याहून ठळक जागा मिळायला हवी.

१४ ऑगस्ट २००३ रोजी ईशान्य अमेरिका व कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. चौकशी करणाऱ्यांपुढे नोंदींचे ढीग होते, पण अनेक नोंदयंत्रांची घड्याळे एका प्रमाण वेळेला जुळलेली नव्हती. कोणती वाहिनी आधी सुटली आणि कोणती नंतर, हे लावण्यातच त्यांचे बरेच श्रम गेले. त्यानंतर मात्र पीएमयूकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले.

संदेशाची घडण : आयईईई सी३७.११८ हे मानक २००५ मध्ये आले. २०११ मध्ये त्याचे दोन भाग झाले, एक मोजमापाचा आणि दुसरा संदेशवहनाचा. ५० हर्ट्‌झच्या जालात पीएमयूने सेकंदाला १०, २५ किंवा ५० संदेश पाठवावेत आणि मोजमापाची एकूण चूक स्थिर अवस्थेत एक टक्क्याच्या आत राहावी, असे ते सांगते. ही एक टक्का चूक नुसत्या घड्याळामुळे झाली असे धरले, तर ती सुमारे ३१ मायक्रोसेकंद भरते.

संदेश आटोपशीर असतो. ओळखीच्या दोन बाइटनंतर संदेशाची लांबी आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक प्रत्येकी दोन बाइटमध्ये येतो. मग वेळ : १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद चार बाइटमध्ये, सेकंदाचा अपूर्णांश व घड्याळाच्या दर्जाची खूण आणखी चार बाइटमध्ये. स्थितीचे दोन बाइट सांगतात की आकडे ग्राह्य आहेत का आणि घड्याळ जुळलेले आहे का. त्यापुढे फेझर, वारंवारता, वारंवारतेच्या बदलाचा वेग आणि शेवटी चूक ओळखण्यासाठी दोन बाइटची तपासणी संख्या. तीन दाब व तीन प्रवाह पूर्ण अचूकतेने पाठवले, तर संदेश भरतो ७४ बाइटचा. सेकंदाला ५० या हिशेबाने एका पीएमयूची दिवसाला सुमारे ३२ कोटी बाइट माहिती होते. कोणत्या जागी कोणता आकडा आहे, त्याचे एकक काय, हे दर वेळी न सांगता एका वेगळ्या रचना-संदेशात आधीच कळवलेले असते. उपकेंद्रात फीडर बदलला आणि हा रचना-संदेश अद्ययावत झाला नाही, तर प्रेषण केंद्रात एका वाहिनीचा प्रवाह दुसरीच्या नावावर दिसतो. आकडा बरोबर आणि नाव चुकीचे, अशी ही चूक असल्यामुळे ती लवकर सापडत नाही.

मार्ग आणि विलंब : पूर्वी उपकेंद्रांची माहिती वीजवाहक तारांवरूनच, पीएलसीसी पद्धतीने जात असे. आता मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या भू-तारेतच काचतंतू गुंफलेले असतात. ही ओपीजीडब्ल्यू तार विजांपासून संरक्षणही देते आणि संदेशही वाहते. काचतंतूत प्रकाशाला एक किलोमीटर कापायला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजार किलोमीटरला अवघे पाच मिलिसेकंद. उशीर अंतरामुळे फारसा होत नाही. तो होतो पीएमयूच्या गाळणीत, वाटेतल्या स्विचांत आणि मुख्य म्हणजे पीडीसीच्या थांबण्यात.

पीडीसी एकाच क्षणाचे सगळे संदेश येईपर्यंत वाट पाहतो. किती वेळ थांबायचे, हा या यंत्रणेतला सर्वांत नाजूक निर्णय आहे. थोडे थांबले, तर दूरचे संदेश गळतात आणि चित्र अपुरे राहते. जास्त थांबले, तर चित्र पूर्ण होते, पण शिळे होते. राज्य, प्रादेशिक आणि राष्ट्रीय केंद्र असे टप्पे असले की प्रत्येक टप्प्यावरचा थांबा बेरजेत पडतो. पडद्यावर पाहणाऱ्या माणसाला अर्धा सेकंद जाणवत नाही. आपोआप कृती करणाऱ्या नियंत्रकाला तेवढा उशीर घातक ठरू शकतो.

संदेश यूडीपीने पाठवावा की टीसीपीने, हाही जुना वाद आहे. टीसीपी हरवलेला संदेश पुन्हा मागवते, पण तोवर मागचे सगळे अडकून राहतात. सेकंदाला ५० ताजे संदेश येत असताना जुन्यासाठी रांग थांबवण्यात अर्थ नाही, म्हणून प्रत्यक्ष देखरेखीसाठी हरवलेले सोडून पुढे जाणारे यूडीपीच बरे. पण त्यालाही मर्यादा आहे. १०० पीएमयूंचे आकडे एकत्र केले की संदेश ५,८०० बाइटच्या पुढे जातो आणि इथरनेटच्या नेहमीच्या मर्यादेमुळे त्याचे चार तुकडे होतात. त्यांतला एक जरी हरवला, तरी शंभरही पीएमयूंचा तो क्षण वाया जातो. मोठ्या जालांतील ही अडचण ओळखून प्रत्येक मोजमाप सुटे पाठवता येईल अशी एसटीटीपी पद्धत विकसित झाली आणि आयईईई २६६४ या नावाने तिचे मानक झाले.

भारतात : उत्तर विभागात २०१० मध्ये विंध्याचल, कानपूर, दादरी आणि मोगा येथे चार पीएमयू बसवून प्रायोगिक सुरुवात झाली. दोनच वर्षांत त्यांची कसोटी लागली. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २:३३ वाजता ४०० केव्ही बीना–ग्वाल्हेर वाहिनी सुटली. वाहिनीवर बिघाड नव्हता. जादा भारालाच रिलेने तिसऱ्या टप्प्यातला, म्हणजे दूरच्या पल्ल्यातला, बिघाड मानले होते. उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य हे तिन्ही विभाग कोसळले. घटनाक्रम जुळवताना चौकशी समितीला पीएमयूच्या नोंदींचा मोठा आधार झाला.

३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ केव्ही रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग उर्वरित देशाशी जोडला गेला आणि सारा देश एका वारंवारतेवर आला. जाल एवढे पसरल्यावर एका टोकाचा हेलकावा दुसऱ्या टोकाला पोचू लागतो, त्यामुळे देशव्यापी वॅम्स आवश्यकच झाली. पॉवरग्रिड या पारेषण कंपनीच्या यूआरटीडीएसएम प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात अकराशेहून अधिक पीएमयू राज्य, प्रादेशिक आणि राष्ट्रीय भार प्रेषण केंद्रांना जोडण्यात आले. या माहितीवर चालणारी विश्लेषण-साधने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने तयार झाली. वाहिनीच्या अवरोधाचे खरे मूल्य काढणे, अंतर-रिले चुकून चालण्याच्या किती जवळ आहेत ते सतत तपासणे आणि तिसऱ्या टप्प्याच्या रिलेवर देखरेख ठेवणे ही त्यांतली काही कामे. बीना–ग्वाल्हेरला जे झाले, नेमका त्याचाच हा पाठपुरावा आहे.

उणिवा : साऱ्या व्यवस्थेचा भार उपग्रहावरून येणाऱ्या वेळेवर आहे. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना चुकीची माहिती प्रसारित झाली आणि काही तास जगभरातील अनेक घड्याळे सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी हुकली. ५० हर्ट्‌झला ही चूक पाव अंशाहून किंचित कमी भरते. तेवढ्यावर निभावले, पण भारताच्या नाविक उपग्रहप्रणालीसारखा दुसरा वेळस्रोत आणि उपकेंद्रात स्वतःचे स्थिर घड्याळ असणे किती गरजेचे आहे, हे त्यातून दिसले. सुरक्षेची बाजूही कच्ची आहे. सी३७.११८ च्या संदेशात गुप्तलेखन नाही आणि पाठवणारा खरा आहे याची खातरजमाही नाही. तपासणी संख्या वाटेतला अपघाती बिघाड ओळखते, मुद्दाम केलेला फेरफार नाही. २०१२ च्या आयईसी ६१८५०-९०-५ या दस्तऐवजाने गुप्तलेखनाची व खातरजमेची सोय दिली, पण आधीच बसवलेली उपकरणे बहुधा बंदिस्त संदेशजालाच्या भरवशावरच चालतात.

पीएमयूच्या माहितीवर आपोआप नियंत्रण करण्याचे प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेत पॅसिफिक डीसी इंटरटाय या वाहिनीवरील वीज दूरच्या पीएमयूंच्या संदेशांनुसार क्षणाक्षणाला कमीअधिक करून पश्चिमेकडील जालाचे हेलकावे शमवता येतात, हे २०१६ पासूनच्या चाचण्यांत दिसले. संदेश उशिरा आला किंवा त्याची वेळ संशयास्पद वाटली, तर तो नियंत्रक स्वतःहून बाजूला होतो. आपल्याकडे अशा टप्प्याकडे जायचे असेल, तर पीएमयू किती बसवले हा आकडा पुरेसा नाही. त्यांपैकी कितींचे संदेश ठरलेल्या वेळेत, जुळलेल्या घड्याळासह आणि बरोबर नावाने पोचतात, हा आकडा प्रत्येक भार प्रेषण केंद्राने नियमितपणे जाहीर करावा.