अनाथ ग्राही आणि रॅम्प-१ जनुक

संप्रेरकासारखा संदेशवाहक रेणू पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनाला चिकटतो आणि ज्याच्यामार्फत त्याचा संदेश पेशीच्या आत पोहोचतो, त्या प्रथिनाला ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणाऱ्या ग्राहींचे एक मोठे कुळ आहे आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या कुळाबाबत बहुतेक औषधशास्त्रज्ञ असे धरून चालत की प्रत्येक ग्राही एका जनुकातून घडतो व तो कोणता संदेश ओळखणार हेही त्या जनुकातच ठरलेले असते. रॅम्प-१ या मानवी जनुकाने या समजुतीला तडा दिला, परंतु तो शोध लागला तो या समजुतीच्याच आधारे केलेल्या प्रयोगातून.

या इतिहासाचा आरंभ १९८२ मध्ये होतो. सुझन अमारा, मायकेल रोझेनफेल्ड, रोनाल्ड एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात असे दाखवून दिले की अवटू ग्रंथीत कॅल्सिटोनिन हे संप्रेरक निर्माण करणाऱ्या जनुकाच्या आरएनएचे तुकडे मज्जापेशींमध्ये निराळ्या प्रकारे जोडले जातात व त्यातून ३७ अमिनो आम्लांचा एक वेगळाच रेणू तयार होतो. त्याला कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड, संक्षेपाने सीजीआरपी, हे नाव मिळाले. १९८५ मध्ये लंडनमध्ये सुझन ब्रेन आणि सहकाऱ्यांनी हा रेणू अत्यल्प मात्रेतही रक्तवाहिन्या रुंदावतो हे सिद्ध केले. त्याचा ग्राही मात्र सापडत नव्हता.

१९९३ च्या सुमारास कॅल्सिटोनिनच्या ग्राहीशी साम्य असलेले एक सात वेळा आरपार जाणारे प्रथिन हाती आले, परंतु ते कोणत्याच रेणूला प्रतिसाद देईना. ज्याचा संदेशवाहक ठाऊक नाही अशा प्रथिनाला अनाथ ग्राही म्हणण्याची या शास्त्रातील प्रथा आहे, आणि हेही त्याच यादीत गेले. १९९६ मध्ये एका गटाने मानवी मूत्रपिंडापासून जोपासलेल्या पेशींमध्ये हे प्रथिन घातले असता त्या पेशी सीजीआरपीला प्रतिसाद देऊ लागल्याचे प्रसिद्ध केले. इतरांना अन्य पेशींमध्ये तसे काही आढळले नाही. परस्परविरोधी निष्कर्ष आले की कोणाच्या तरी हातून प्रयोग चुकला असे मानण्याकडे कल असतो. येथे मात्र दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि फरक होता तो पेशींचा.

त्याचा उलगडा ग्लॅक्सो वेलकम कंपनीच्या इंग्लंडमधील प्रयोगशाळेत स्टीव्हन फूर्ड यांच्या गटाने केला. मॅक्लॅची या प्रथम लेखिकेच्या नावे तो १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मानवी पेशींवर सीजीआरपीचे ग्राही असल्याचे माहीत होते, त्यांच्यापासून मिळवलेल्या जनुकसंग्रहातील आरएनए गटागटाने झेनोपस बेडकाच्या अंडपेशींत टोचायचे आणि सीजीआरपी दिल्यावर विद्युत्प्रवाह वाढतो का ते पाहायचे, अशी ही पद्धत होती. प्रवाह मोजता यावा म्हणून त्याच अंडपेशींत क्लोराइडची वाट उघडणारे दुसरे एक मानवी प्रथिनही घातलेले होते. गट लहान करीत गेल्यावर शेवटी जे एकच जनुक उरले, ते अपेक्षित ग्राहीचे नव्हते. अवघ्या १४८ अमिनो आम्लांचे, पटलातून एकदाच जाणारे आणि पेशीच्या आत अगदी आखूड शेपूट असलेले हे प्रथिन स्वतः संदेश पोहोचवू शकेल असे दिसत नव्हते. सस्तन प्राण्यांच्या पेशीत ते एकटे घातले तर काहीच घडत नसे. मग ते त्या अनाथ ग्राहीच्या जोडीला घातले गेले आणि सीजीआरपीचा ग्राही अवतरला. मूत्रपिंडाच्या त्या पेशींमध्ये हे छोटे प्रथिन मुळातच होते.

रिसेप्टर ॲक्टिव्हिटी मॉडिफाइंग प्रोटीन, म्हणजे ग्राहीची क्रिया बदलणारे प्रथिन, यावरून त्याला रॅम्प-१ म्हटले गेले. ते आपल्या जोडीदाराला पेशीच्या आतून पृष्ठभागावर आणण्यास साहाय्य करते आणि बाहेर राहिलेल्या आपल्या भागाने, संदेशवाहक जेथे बसतो त्या जागेची घडण बदलते. त्याची भावंडे रॅम्प-२ आणि रॅम्प-३ ही त्याच्याशी जेमतेम ३० टक्के साम्य राखतात, तरी तोच अनाथ ग्राही त्यांच्याशी जोडला गेला की तो सीजीआरपीऐवजी प्रामुख्याने ॲड्रिनोमेड्युलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा ग्राही होतो. रॅम्प-२ नसलेले उंदराचे गर्भ सूज येऊन जन्मापूर्वीच मरतात, रॅम्प-१ नसलेले मात्र जगतात.

रॅम्प-१ चे महत्त्व वैद्यकात उमटले ते अर्धशिशीमुळे. या विकाराच्या झटक्यात मानेच्या शिरेतील रक्तात सीजीआरपी वाढते, हे पीटर गोड्सबी आणि लार्स एडव्हिन्सन यांनी १९९० मध्ये दाखवले होते. सीजीआरपीला अडवणारे ओल्सेजेपँट हे संयुग मानवी ग्राहीवर अत्यंत प्रभावी, तर रॅट उंदरांच्या ग्राहीवर दुबळे ठरे. २००२ मध्ये त्याचे कारण मुख्य ग्राहीत नव्हे तर रॅम्प-१ च्या ७४ व्या स्थानी आढळले, कारण तेथे माणसात ट्रिप्टोफॅन आणि रॅटमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल असते. मे २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले एरेनुमॅब हे प्रतिपिंड याच जोडग्राहीला लक्ष्य करते. रॅम्प-१ कॅल्सिटोनिनच्या ग्राहीशीही जोडले जाते आणि त्या दुसऱ्या जोडीलाही सीजीआरपी जोमाने चेतवते, त्यामुळे अर्धशिशीत दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही.